ब्राझीलच्या पोराचं परमिट

पोरगा नोकरीला विलायतेत गेल्यापासनं त्याचा तो कॉम्प्युटरवरचा, फुटबॉल टीम चालवायचा गेम मीच खेळतोय. दुसरं हाय कोण घरात? परवा तिथल्या एका टीमसाठी ब्राझीलचं पोरगं घेतलं, तर गेम म्हणतोय, ह्याला वर्क परमिट न्हाय!

डोकंच फिरलं. लेकाला फोन लावला. म्हटलं, "आपल्या पेठेच्या टीमला आफ्रिकेची पोरं येत्यात. तांबडा रस्सा पाजून मैदानात उतरवतोय की आपण!"

हसला. "बाबा, इथं लई कडक हाय. परमिट न्हाय मिळालं की परत पाठवत्यात."

"आन तुझं?"

"माझं वाढवून मिळालं की कालच!"

"लई भारी," म्हटलं आन फोन ठेवला.

एवढी कडक हायती तिथली लोकं, मग माझ्याच पोराला का परत पाठवंनात?