तांब्यावर तीन टिचक्या

पेमा : नुसतं सांगा ना आबा, तुमच्यात अन् आपल्या ढवळ्या बैलात फरक काय?

आबा : ऐकलं का, पेमाची माय? पोरीला जनानी शाळेत घालायची हौस तुलाच होती. घे आता.

माय : कोणी शिकवलं गं हे?

पेमा : शिकवलं न्हाई, पैज लागली. माझ्या वर्गातली बिलकीस म्हणे, तुझ्या बापाला एवढं विचारून दाखव, माझी नवी दौत तुझी. साऱ्या वर्गासमोर मी व्हय म्हणून बसले.

आबा : एका दौतीपायी बापाला बैल केलं.

पेमा : अजून कुठं केलं? ऐका तर. सरकीचं घमेलं वाजलं की ढवळ्याची लाळ गळते का न्हाई?

आबा : गळते. सरकी येनार म्हून गळते.

पेमा : बराबर. पण काल घमेलं रिकामं होतं. मी नुसतं वाजवलं, तरी बी गळली. आमच्या शाळेत शिकवणाऱ्या कमरजहाँ उस्तानी म्हणतात, आवाज अन् खाणं रोज जोडीनं आलं की नुसत्या आवाजालाच अंग भुलतं. त्याला आदत म्हणायचं, म्हंजी सवय. मनाचं अख्खं शास्त्र हाय, आबा, अन् त्याची सुरुवात हितून होते.

आबा : बैलाला कुठलं आलंय मन.

पेमा : मग माणसाचं पाहू. (ती पितळी तांब्यावर तीन टिचक्या मारते.)

माय : आगं बया. आवं, तुमी गिळलं काय?

आबा : थुंकी गिळली. माणसानं आपली थुंकी बी गिळू नये काय?

पेमा : वीस दिवस झाले, आबा. तुमी शेतातून आलात की आधी तीन टिचक्या, मग गूळ-शेंगदाणे. आज गूळ न्हाई, शेंगदाणे न्हाई, तरी हात पुढं आला. पाहा, अजून तसाच हाय.

आबा : लढाईपायी साखर दिसंना, म्हून लेक गूळ देऊन राहिली, असं वाटलं मला. म्हणलं, पोरीला माया आली बापाची.

पेमा : माया बी होती. थोडी.

माय : तुझ्या उस्तानीला हे आता कळलं व्हय? माझं लगीन होऊन सतरा वर्षं झाली. काही मागायचं असलं की मी आधी धपाटे थापते. लोण्याचा गोळा वर ठेवला की ह्यांची मान हालते. तुझी शाळा बी तशीच झाली.

आबा : शाळेत मी इचार करून धाडलं तिला.

माय : चार धपाटे खाल्ले, मग इचार केला.

पेमा : मग पुसेगावच्या किसनरावाला व्हय म्हणलात, तवा काय खाल्लं होतं?

आबा : त्यात खाण्याचा काय संबंध? त्यांच्या पुतण्यासाठी शुक्रवारी तुला पाहायला येऊन राहिले ते. जमलं तर शाळा बंद.

पेमा : काय खाल्लं, तेवढं सांगा.

आबा : पान. किसनरावाचं पान कोण खात न्हाई?

माय : हां. त्यांच्या डब्याचं झाकण कट्ट वाजलं की तुमी व्हय म्हणता. मागच्या पोळ्याला ती लंगडी गाय अशीच आली आपल्या दावणीला.

आबा : लंगडी हाय ते घरी आल्यावर कळलं.

पेमा : आबा, पोराचं नाव काय?

आबा : कोणच्या पोराचं?

पेमा : ज्याला मला द्यायचं.

आबा : नाव... किसनरावाचा पुतण्या हाय तो. पोरगं चांगलं हाय म्हणतात.

माय : नाव इचारलं ते.

आबा : इचारायचं राहून गेलं.

माय : गाईचा पाय बी पाहायचा राहून गेला होता.

आबा : पुरे झालं गाईचं. शब्द दिला मी. आता शब्द फिरवला तर पुसेगावात तोंड कसं दाखवू?

माय : शब्द पाहायचा दिला. पोरगी द्यायचा न्हाई. पाहतील, पोहे खातील, जातील.

आबा : तुझं काय म्हणणं हाय, पेमा? मघापासून तोंडाचा पट्टा चालू हाय.

पेमा : भ्या वाटून राहिलं. दौतीपायी विचारायला आले होते, अन् विचारता विचारता लग्नापाशी पोचले.

आबा : बोल. न्हाई मारत.

पेमा : शुक्रवारी पोहे मी आणते, नमस्कार करते. पान तेवढं आपल्या डब्यातलं खा. परीक्षा महिन्यावर आली, मी बसणार. पास झाले की औरंगाबादेला, उस्तानी शिकल्या त्या पुढच्या वर्गाला जाणार.

आबा : एवढ्या लांब. वाजव मग तुझा तांब्या. व्हय म्हणून मोकळा होतो.

पेमा : न्हाई, आबा. तांब्या मी फळीवर ठेवला. जायचं माझं ठरलंय. तुमी रिकाम्या तोंडानं इचार करा, मग सांगा.