चार नंबरच्या पिस्तुलाची सोय

२००९. आखातातल्या करामा भागात, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये, व्हिसा रद्द करण्याच्या रांगेत, माझ्यापुढे दोघे उभे होते; एक नुसता सोबतीला आलेला.

"कमरुभाई, मी इंडियाला गेलो की नेमबाजीच्या क्लबातलं चार नंबरचं पिस्तूल दर शुक्रवारी तुम्हीच घ्या."

"माझं सात नंबर बरं आहे, सदाभाऊ. दोन्ही एकाच जुन्या मॉडेलची."

"सातचा ट्रिगर ओढायला बैल जुंपावा लागतो. अडीच किलो. चारचा मी कारागिराच्या मागे लागून पावणेदोनवर आणलाय. दोन वर्षं लागली."

"मोजलं कशानं?"

"बॅगा तोलायच्या काट्यानं."

"पिस्तूल क्लबचं. तुम्ही का जीव टाकता?"

"नवा कुणी येऊन परत घट्ट करून घेईल."

"बरं, घेतो. भाभींना नोकरीच्या टर्मिनेशनचं सांगितलं?"

"आता सांगतो. आधी याची सोय लागायला हवी होती."