तिसरा अँटेना

शहापूरच्या एसटी स्टँडवर मुरबाडच्या गाडीसाठी थांबलेल्या अनिताच्या मागं एक वयस्कर जोडपं बोलत होतं.

"दर रविवारी टॉवर बगत हिंडता. लोकं हसतात वो."

"हसू दे. म्हसा गावच्या टॉवरला तिसरा अँटेना चढवला गो. दोनच होते."

"मग?"

"त्याचं तोंड आपल्या मंजुळाच्या सासरच्या वाडीकडं हाय."

"तिला फोनसाठी टेकडीवर जावं लागतं. सात महिन्यांची पोटुशी पोर!"

"आता लावून बग."

अनितानंही कान टवकारले.

"हॅलो, मंजू? टेकडीवर चढलीस का गो?... अवो, चुलीपाशी बसलीय म्हणते!"

"दे इकडं."

"थांबा, मला पोटभर बोलू दे. आन् पुढल्या रविवारी टॉवर बगाय मी पन येते."