टाकीतला हंस

नाही, तुम्ही मला सांगा, घर विकताना माणूस काय काय दाखवतो? नळ दाखवतो, खिडक्या दाखवतो, न्हाणीघराची कडी नीट बसत नाही तेही दाखवतो... आमच्या साडूंनी तर मला माळ्यावरची पालसुद्धा दाखवली. 'ही इथलीच आहे, हिला मारू नका' म्हणाले. पाल दाखवली, आणि मागच्या अंगणात जमिनीखाली दोन खणांची, पुरुषभर खोल, बारा वर्षं बंद पडलेली संडासाची टाकी आहे, ती नाही दाखवली. आता बोला. मी डूख धरणारा माणूस नाही, फक्त माझ्या लक्षात राहतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सासूबाईंचे लाडके जावई. सासूबाई वीस वर्षं त्यांच्याकडेच राहिल्या, ह्याच घरात, आणि वीस वर्षं मी ऐकतोय, 'थोरल्यासारखा जावई शोधून सापडायचा नाही.' बरं, आणि धाकटे? धाकट्यांचा विषय निघाला की म्हणणार, 'तेही बरे आहेत.' तेही! तुम्हाला सांगतो, तो 'ही' माझ्या घशात वीस वर्षं अडकलाय, पाणी पिऊनही खाली जात नाही.

तर साडूंची झाली बदली, ते गेले शहरात चौथ्या मजल्यावर, सासूबाईंना घेऊन, आणि गावाबाहेरचं हे घर घेतलं आम्ही. किल्ली हातात देताना साडूंचा तो मऊ मऊ आवाज... 'बाकी घर तुमचंच आहे हो, मागची फुलं तेवढी जपा.' जपा म्हणे. मागे बघतो तर लाल-पिवळ्या फुलांचा एक चौकोन, फूटपट्टी ठेवून आखल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात मी ती सगळी फुलं उपटली. का म्हणजे काय? त्यांनी जपा म्हटलं होतं म्हणून. घर माझं, फुलं ह्यांची? तिथे मी टोमॅटो लावले, आणि तुम्हाला सांगतो, काय टोमॅटो आले, काय टोमॅटो आले... तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

एका सकाळी बायको झारी घेऊन मागे टोमॅटोंना पाणी घालायला गेली. मी आत पेपर वाचतोय. मागून हाक आली, 'अहो.' ओरडणं नाही, किंचाळणं नाही, दूध उतू जात असेल तर देते तशी साधी हाक. मी म्हटलं, आलो आलो, आणि अग्रलेख संपवला. परत, 'अहो, जरा येता का?' गेलो तर बायको अर्धी. एक पाय अंगणात दुमडलेला, दुसरा मांडीपर्यंत जमिनीत, आणि हातातली झारी सरळ धरलेली, एक थेंब सांडलेला नाही. मी तिला काखेत हात घालून ओढलं. वर आली, चप्पल खालीच राहिली. त्या भोकातून तो वास आला आणि खाली नुसता काळोख. मी घाबरलो, खरंच सांगतो. हातभर पलीकडे पाय पडला असता तर सबंध बायको खाली गेली असती, आणि मी आत अग्रलेख वाचत होतो.

आणि त्यात दोन आठवड्यांनी सासूबाई येणार होत्या, कायमच्या. चौथ्या मजल्यावर त्यांचा जीव रमेना. त्या काठी टेकत रोज सकाळी ह्याच अंगणात फेऱ्या मारणार, आणि मी बायकोकडे बघितलं, बायकोने भोकाकडे बघितलं. म्हणाली, 'आई यायच्या आत हे बुजलं पाहिजे. आणि भाऊजींना फोन करून विचारा तरी.' मी म्हटलं, फोन? फोन कशाला? फोनवर तोंड दिसत नाही. विचारणार, पण समोरासमोर, सासूबाईंच्या देखत. मी डूख धरणारा माणूस नाही, पण अशी संधी वीस वर्षांत एकदा येते.

गवंडी बोलावला. गावातला जुना म्हातारा, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे ह्याला दाढ काढल्याचं दुःख. मी सांगायला लागलो की बघा, इथे भोक पडलंय, इथून तिथपर्यंत असावी... तो माझ्याकडे न बघता सरळ चालत गेला आणि एके ठिकाणी पहार आपटली. 'झाकण इथे.' मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाला, 'असतं.' झाकण काढलं आणि मला मागे ढकललं. 'तीन दिवस उघडी राहू दे. भोवती फळ्या लावा. आत कुणी उतरायचं नाही, वाकून बघायचंही नाही. आतली हवा जीव घेते.' त्याचं ह्याहून लांब भाषण मी नंतर ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी मैला उपसणारा टँकरवाला आला. हा गवंड्याच्या उलट, तोंडाला विश्रांती नाही. 'साहेब, अशा टाक्यांतून काय काय निघतं विचारू नका, कवळ्या निघतात, अंगठ्या निघतात...' पाइप सोडला, मशीन सुरू केलं, आणि थोड्या वेळाने मशीन गुरगुरून बंद. 'अडकलं काहीतरी.' वरूनच आकडा सोडला, ओढ ओढ ओढला, आणि त्या भोकातून, तुम्हाला सांगतो, हळूहळू एक मान वर आली. लांब, वाकडी. मग चोच. मग पोट. पोटात घड्याळ.

तो माझा हंस होता.

माझा म्हणजे मी दिलेला. साडूंच्या लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा. तीन रविवार दुकानं पालथी घालून निवडलेला, गुडघाभर उंच, अस्सल पितळी, दर तासाला चोच उघडून ओरडणारा. आणि दोन वर्षांनी साडूंनी तोंड पाडून मला काय सांगितलं होतं? 'काय सांगू तुम्हाला, चोर आले हो, आणि नेमका हंसच नेला.' मी त्यांचं सांत्वन केलं होतं. पाठीवरून हात फिरवला होता. वर मनातून सुखावलो होतो, की बघा, चोरालासुद्धा कळलं घरात नेण्यासारखं काय आहे ते. आणि हंस कुठे? टाकीत! गवंडी त्याच्याकडे बघून पुटपुटला, 'आयला, हा वर आला?' मी म्हटलं, ओळखता का ह्याला? 'छे छे,' म्हणाला आणि विडी पेटवायला पार फाटकापर्यंत गेला.

मग पुढचं काम झालं ते मी डोळ्यांत तेल घालून करून घेतलं. गवंड्याने वरूनच लांब पहारीने तळाला भोकं पाडली, पाणी साचू नये म्हणून. मग स्लॅब फोडला, तुकडे आतच ढकलले, त्यावर दगडविटांचा चुरा, त्यावर मुरूम, थर टाकायचा, पाणी मारायचं, ठोकून ठोकून दाबायचं, परत थर. शेवटी मी स्वतः वर उड्या मारून बघितल्या. बायकोला म्हटलं, ये. आली नाही. तिने आधी मला झारी भरून हातात दिली आणि चार वेळा आडवंतिडवं चालायला लावलं.

दुपारच्या वेळी मी हंस घासत होतो. लिंबू, मीठ, राख, परत लिंबू. घड्याळवाल्याने नाकाला रुमाल बांधून नवीन मशीन बसवलं, म्हणाला, 'हे ठेवलं कुठे होतं?' मी म्हटलं, नातेवाइकांकडे. वास गेला म्हणाल तर बराचसा गेला, पोटात थोडा राहिला, ऊन तापलं की येतो. आरशासमोर उभं राहून तालीमसुद्धा केली. 'ओळखलंत का?' इतकंच म्हणायचं, आणि थांबायचं. मी डूख धरणारा माणूस नाही... पण तालीम केली.

रविवारी साडू सासूबाईंना गाडीतून घेऊन आले. चहा झाला. मेजावर चादर झाकलेला हंस. मी उठलो, घसा साफ केला आणि चादर ओढली. 'ओळखलंत का?'

साडू पांढरे पडले. अगदी तालमीत पडत होते तसे. मी म्हटलं, चोर फार लांब गेला नव्हता, साडूसाहेब, मागच्या टाकीपर्यंतच गेला. आणि त्या टाकीबद्दलही आपण चकार शब्द काढला नाहीत. ही मांडीपर्यंत आत गेली होती. आई रोज फेऱ्या मारणार होत्या तिथे.

साडू नुसते सासूबाईंकडे बघतायत. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

'त्याला कशाला बोलता? मीच टाकला तो,' म्हणाल्या. 'टाकी बंद करायला गवंडी आला होता, झाकण उघडंच होतं. दर तासाला केकाटायचा मेला, दोन वर्षं माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बिचाऱ्याने चोराचं सांगितलं. आणि फुलं कशाला लावली होती तिथे? कुणी पाय देऊ नये म्हणूनच ना? आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फुलांत जायचं नाही. तुम्हाला सांगितलं नव्हतं का, फुलं जपा म्हणून?'

साडू खाली मान घालून म्हणाले, 'टाकीचं स्पष्ट सांगायला हवं होतं हो मी. पण टाकी म्हटलं की हंस आठवायचा.'

बायको माझ्याकडे बघत होती. टोमॅटोंबद्दल ती काहीच बोलली नाही, हे तिचे उपकार. तेवढ्यात चार वाजले. हंसाने चोच उघडली आणि चार वेळा ओरडला, नव्या मशीनमुळे पहिल्यापेक्षा मोठ्याने.

सासूबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, 'टाकी आहे कुठे आता?'

मी म्हटलं, बुजवली, आई. दगड, मुरूम, सगळं घालून, एकदम पक्की.

'बुजवलीत?' सासूबाई म्हणाल्या. 'मग आता हा टाकायचा कुठे?'

...सध्या आमच्या खोलीत आहे. माझ्या उशाशी.