पार्बताकाकूनं राखलेला घाट

मायबहिणींनो, गावकरी बंधूंनो,

एवढ्या उन्हात, हातचं काम टाकून तुम्ही आले. दिघोरीकडूनही लोक आले. पार्बताकाकूच्या या शोकसभेत मी बोलाले उभा झालो खरा. पण काकू जिवंत असताना तिच्यापुढं बोलाची माही हिंमत नव्हती. आज फोटोपुढंही तसंच होऊन राहिलं.

बाहेरगावच्या मंडळीले माहीत नसन, म्हणून सांगतो. आपल्या तलावाचा जुना दगडी घाट पाडाच्या ठरावावर माही सही होती. होय, माही. मी तेव्हा ग्रामपंचायतीत मेंबर होतो. दगड काढायचे, सिमेंटचा नवा घाट करायचा, असं ठरलं होतं.

जेसीबी आला त्या सकाळी काकू एकटीच पायऱ्यांवर जाऊन बसली. सत्तरीची बाई, मशीनच्या तोंडासमोर! ठेकेदार मले म्हणे, "तुमच्या म्हातारीले उठवा."

मी गेलो. म्हणालो, "उठ वो काकू. ठराव पास झाला."

"सही कोणाची होय?"

"माही."

"वाचला होता काय?"

मी खिशातून ठरावाचा कागद काढला.

"मंग आता वाच. मोठ्यानं वाच. ऐकू दे सगळ्यायले."

मी वाचलं, 'जीर्ण व निरुपयोगी बांधकाम.' काकू म्हणाली, "निरुपयोगी? तुही माय लुगडी कुठं धुते रे? तू बैल कुठं धुतो?"

मी कागद खिशात घातला अन् तिच्या बाजूले बसलो. मंग धुणं टाकून बाया आल्या. मंग माणसं आली. दुपारपर्यंत एक पायरी रिकामी नव्हती. मशीन आलं तसं परत गेलं.

पण तेवढ्यानं भागलं नाही. घाट वाचवाचा अर्ज घेऊन आम्ही जिल्ह्याले गेलो. तिथं साहेब म्हणाले, "हा घाट जुन्या वास्तूंच्या यादीत नाही." काकूनं विचारलं, "यादी कोण बनवते, साहेब?" ते म्हणाले, "आमचीच माणसं." काकू म्हणाली, "मंग आम्ही कोण होय?"

अर्ज तिथंच राहिला. आपण थांबलो नाही. त्याच उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर घसरलेले दगड गावानं हातानं उचलले. चुन्याचं काम जाणणारा म्हातारा गवंडी काकूनंच शोधून आणला. सिमेंटचं एक पोतं घाटावर येऊ दिलं नाही तिनं. चुना कालवताना तिचे हात सोलले होते. मी म्हणालो, "काकू, राहू दे आता." त माह्यावरच खेकसली, "तू दगड धर!"

मंगळवारी काकू गेली. अन् आज सकाळी सिमेंटच्या घाटासाठी माप घेणारे आपल्या घाटावर आले. कोणीतरी त्यायले सांगितलं म्हणे, "बाई गेली, आता कोण अडवते?"

काहून? बाई एकटी होती काय? जे पायऱ्यांवर बसले होते, ते कोण होते? दगड उचलणारे हात कोणाचे होते? ज्यानं हे सांगितलं, तो या सभेत असन त त्यानं ऐकून घ्यावं. आम्ही अडवतो. पहिला मी. माही सही होती, आता माही छाती राहीन. तो घाट आपला होय, तुटू देणार नाही!

काकू, तुले रामराम.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मंग खाली बसू नका. सरळ घाटाकडे चला. माप घेणारे अजून तिथंच आहेत.