साहेबरावांचं ठिगळ

...न्हाई म्याडम, घाई करू नका, ही काय मोटारसायकल न्हाई. डुक्कर फियाट हाय. असल्या गाडीची ट्यूब बदलायची म्हनजे म्हाताऱ्या मान्साचा सदरा बदलावा तसं, हळूहळू—कुठं काय दुखंल सांगता येत न्हाई. बसा, खुर्चीवर बसा. चहा घ्या, घरचा हाय, मागंच घर हाय आमचं. या गाडीला ट्यूबलेस करा म्हनून कोनी सांगितलं तर ऐकू नका, ही रिम तसली न्हाईच. आन् ट्यूब पन मापाचीच पायजे—लोकं काय करतात, दुसऱ्याच गाडीची मोठी ट्यूब आत कोंबतात, तिची घडी पडते, घडीवर घडी घासते, आन् तुम्ही लातूरला पोचायच्या आधी फट्. तुम्ही नवी ट्यूब सोबत घेऊनच निघालात, माप बी बरोबर हाय, हुशारी केली. पन मला एक सांगा, हायवेवर एवढी दुकानं पडलेत, मंग तुम्ही आत कंधारात कामून आलात? बरं, ऱ्हाऊ द्या. चहा घ्या आधी.

हे लिव्हर बघून राहिलात? बघाच. बाजारात न्हाई मिळायचे. ट्रकच्या कमानीच्या पट्टीचे हायेत, कडा कशा घासलेल्या बघा, बोट फिरवा, कुठं धार लागती का? धार राहिली की टायर उचकटताना ट्यूबला चिमटा बसतो. आमच्या वडलांनी करून दिले. हाव, तो फोटोतला म्हातारा, हार घातलेला—शेषेराव. बोर्डावर बी त्यांचंच नाव हाय, शेषेराव टायर वर्क्स. कला त्यांचीच, मी काय, बघून बघून शिकलो. दसऱ्याला ह्या लिव्हरची पूजा करतो, तीस वर्षं झाली, आता फोटोपुढं ठेवून करतो. हाताला गुन पायजे म्याडम, आन् तो घरातूनच येतो.

हां, सुटली कड. आता ट्यूब वढायची—लई दिवस गाडी उभीच होती वाटतं? चार वर्षं? तरीच. टायर एकाच अंगावर बसून राहिला की ट्यूब रिमला चिकटती. हा बघा गंज. ही पापडी ब्लेडवानी असती, ही काढून, घासून, रंगाचा हात मारल्याबिगर नवी ट्यूब टाकली तर तुमचा खर्च पान्यात. आन् टायरच्या आत बी हात फिरवायचा, कंपनीचा कागद चिकटलेला राहतो, तेवढा कागद बी ट्यूब खातो. आली बघा भायेर. आता ही बघा, जुनी ट्यूब, असलं रबर आता मिळत न्हाई, आन् ठिगळं तरी किती, एक, दोन, हे ति—

ही गाडी कोनाची हाय?

न्हाई, तसं न्हाई, सहज इचारलं. हे ठिगळ बघा ना. गोल हाय. आन् मधून ही तिरपी रेघ. दुसऱ्याला बी हाय. तिसऱ्याला बी. ही रेघ कोनी काढलेली न्हाई म्याडम, ही इस्त्रीच्या बुडाची चीर हाय. शिंप्याची कोळशाची इस्त्री होती, बूड चिरलेलं, टाकून दिलेली. ठिगळ लावलं की वरून ती गरम इस्त्री दाबायची, आन् चीर उमटायची. सगळे म्हनायचे मामा, इस्त्री बदला. मामा म्हनायचे, कशाला, माझी सही हाय ती...

तुम्ही उमरीच्या. साहेबराव मामांच्या... हाव. कपाळ बघूनच वळखायला पायजे होतं. विशाखा ना? ट्रकच्या टायरात बसून मुरमुरे खायची, चार वर्षांची असंल. मी बालाजी. बोर्डावर न्हाई माझं नाव, पन तुम्हाला ठावूक असंल. हाय ठावूक? मंग मघापासून मी वडील वडील करून राहिलो, ते तुम्ही गप ऐकून राहिलात.

थांबा, मला जरा बसू द्या.

तो फोटोतला मानूस माझा बाप हाय हे खरं हाय. पन त्यानं जन्मात टायरला हात लावला न्हाई. शेती केली, पंचायतीत बसला, दुसऱ्याला शानपन शिकवलं. लिव्हर तुमच्या बाबांचे हायेत. ही सगळी कला बी त्यांची—रिम कशी घासायची, ट्यूबला आधी फुंकरभर हवा देऊन मंगच आत का घालायची, पावडर कुठं किती मारायची. सोळाव्या वर्षी दहावी नापास होऊन उमरीला गेलो तवा दुसरं कोनी उभं करून घेत नव्हतं. तीन वर्षं ठेवून घेतलं त्यांनी मला. पंचशीलामामीच्या हातची भाकर खाल्ली, तिळाची चटनी, एका ताटात. आन् सुट्टीला घरी गेलो की सांगायचो, खानावळीत जेवतो. आई इचारायची, कोनाच्या खानावळीत? मी म्हनायचो, मारवाड्याच्या. खाल्ल्या मिठाला जागावं म्हन्तात. मी तर मीठ कोनाचं ते बी सांगितलं न्हाई.

तेवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. लहान होतो, भीती होती, असं म्हनता आलं असतं. पन दुकान काढलं तवा मी एकवीसचा होतो, लग्न ठरलेलं होतं, लहान नव्हतो. हितंच, ह्याच जागेवर, पत्र्याचं होतं तवा. मी त्यांना बोलावलं नव्हतं, ताई, खरं सांगतो. कुठून कळलं कोन जाने, यष्टीनं आले. पांढरा सदरा, काखेत कागदात गुंडाळलेले हे लिव्हर. आल्या आल्या जयभीम म्हनले. गावची चार मान्सं बसली होती, सासरा बसला होता. मी... मी मान हलवली नुसती. जयभीम परत म्हनलो न्हाई. सगळ्यांना कपबशीत चहा दिला. बापानं फळीवरून कान तुटलेला कप काढला, माझ्या हातात दिला आन् म्हनला, त्यांना ह्यात दे. हळू बी न्हाई म्हनला, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हनला.

दिला ना. मीच दिला. बापानं दिला असता तर मी आज बापाच्या नावानं बोंबललो असतो. माझ्या ह्या हातानं दिला.

त्यांनी कपाकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. ट्यूबच्या वॉलमधून हवा जाती का ते बघतात ना कान लावून, तसं. मंग सगळा चहा पिले. उठले, त्या ड्रमातल्या पान्यात—पंक्चर बघायचा हाच ड्रम—कप स्वतः धुतला, खिडकीत पालथा ठेवला. जाता जाता एवढंच म्हनले, बालाजी, लिव्हर महिन्यातून एकदा घासत जा, धार येऊ देऊ नको. आन् गेले. परत आले न्हाईत. ह्याच रोडनं ही फियाट जायची, मी आवाजावरून वळखायचो, आन् खाली मान घालून उगंच पाना हुडकत बसायचो.

मी बी गेलो न्हाई. मामा वारले त्या दिवशी फोन आला होता. शटर वढून घेतलं, आतच बसून राहिलो. शेजारच्या अण्णारावांनी शटर वाजवलं, काय झालं म्हनून इचारलं. ताप आला म्हनलं. गुरू गेला म्हनायला काय लागत होतं? बाप बी जाऊन बारा वर्षं झाली होती तवा, सासरा बी न्हाई. कोनाला भीत होतो मी? कोनालाच न्हाई ताई. सवय झाली होती.

आन् आजचीच गोष्ट घ्या ना—अर्धा तास झाला न्हाई, तुमच्याच तोंडावर तुमच्या बापाचे लिव्हर माझ्या बापाचे म्हनून सांगितले.

एक मागू का? ही जुनी ट्यूब... आता हिचा काय उपेग न्हाई, रबर मेलंय. मला देता का? फोटोच्या जागी लावतो. खालती नाव लिहितो त्यांचं, मोठ्या अक्षरात, येनाऱ्या जानाऱ्याला—

हाव. हाव, बरोबर हाय. ठेवा, डिक्कीत ठेवा. तुमचीच हाय ती. मी मागायलाच नको होतं. नाव लिहायला ट्यूब कशाला पायजे, तेवढं मला बी कळतं.

झालंच बघा आता. रिम घासली, रंगाचा हात मारला, पावडर मारली, ही हवा भरली, आता सगळी सोडून देतो—घाबरू नका, हे बी त्यांचंच, एकदा भरून सोडली की आतली घडी मोडती, ट्यूब आपली जागा घेती—आन् आता परत भरतो. झालं. लातूरपर्यंत डोळे मिटून जावा. फकस्त एक सांगा, मघाशी इचारलेलं. हायवे सोडून एवढ्या आत, माझ्याकडं कामून आलात? सगळं ठावूक असून?

...काय म्हनले मामा?

परत सांगा.

'ट्यूब बालाजीकडूनच बसव, हात आपल्या घरचा हाय.' असं म्हनले? शेवटी? कपाचं तुम्हाला सांगितलं, आन् वर हे बी सांगितलं?

न्हाई, पैशे नको. ठेवा ती पर्स. जावा तुम्ही आता, ऊन चढून राहिलं. जावा ताई. मी—ताई, तो तुमचा कप कुठं नेता? ड्रमाकडं नका जाऊ. ठेवा तो कप. मी धुतो ना. द्या, माझ्याकडं द्या. ताई, ऐका—धुवू नका.