खिळ्यावरचा नान

...नाही, इकडे सावलीत बस, तिथे तंदूरची धग लागेल. पिसांकडे बघू नकोस, झाडायची राहिलीत — परवा शेवटची कोंबडी कापली, अंडी देईनाशी झाली होती, नुसते दाणे कोण घालणार तिला. हां, तर काय विचारत होतीस? देशाचं बरं चाललंय असं वाटतं का? मला वाटून काय होणार आहे? पण लिही. राजधानीहून प्रश्नांचा कागद घेऊन आलीच आहेस, कोरा कसा नेशील. होसियत, वय एकसष्ट, विधवा, मर्गिलानमध्ये नान भाजून विकते — आधीच लिहिलेलं असेल म्हणा तुझ्याकडे.

सुधारलंय की. कोण नाही म्हणतं? यंदा भर जानेवारीत गॅस आला. नळीतून, खरोखरचा. पण चूल मी मोडली नाही — आज आलाय, उद्या गेला तर? ती बघ भिंतीशी, जळणासाठी कापसाच्या पळकाट्यांची रास अजून तशीच आहे. सीमाही उघडली. माझी धाकटी बहीण पलीकडे ओशला दिलेली, वर्षानुवर्षं तोंड दिसलं नव्हतं, ती वसंतात आली. गळ्यात पडून रडलो, आणि मी तिला पहिलं काय विचारलं? परत जाऊ देतील ना गं तुला? आणि आमच्या मोहल्ल्याचा शिपाई — पूर्वी दोन नान उचलून चालू लागायचा. आता सलाम करतो, पैसे देतो. पहिल्यांदा दिले ना, तेव्हा मी घेईचना. म्हटलं, आता हा काहीतरी मोठं मागणार. तोंड दुधानं पोळलंय पोरी, ताक फुंकूनच पिणार मी.

कापूस? हो, तेही खरं. शाळामास्तरांना, नर्सना आता शरदात कापूस वेचायला हाकत नाहीत. त्या कापसापायीच तर माझा झोहिद — हो, मुलगा आहे एक. ते नावही असेलच तुझ्याकडे. मास्तर होता. त्याच्या वर्गातली पोरं शेतात थंडीनं कुडकुडत होती, त्यानं फोटो काढले आणि परदेशात कुणाला तरी धाडले. एवढंच. चोरी नाही, दरोडा नाही. नाव सरकारच्या काळ्या यादीत गेलं आणि त्यानं दूर परमुलखात, काझानची वाट धरली. नऊ हिवाळे झाले. निघताना रीतीप्रमाणे ताज्या नानचा एक घास त्याला चाववला आणि उरलेला खिळ्याला टांगला. तुमच्याकडेही करत असतील. जाणाऱ्यानं चावलेला नान दुसऱ्यानं तोंडाला लावायचा नाही, त्यानंच येऊन संपवायचा. दर शुक्रवारी मी त्याच्यावरची धूळ पुसायची. दगड झाला होता, पण बुरशी नाही धरली — माझ्या हातचा होता.

काय बघतेस? खिळा रिकामा आहे, हो. तो गोल डाग त्याच्यामागचाच, तेवढी भिंत धुरापासून वाचली. उंदीर फार झालेत हल्ली.

फोन करायचा ना तो. म्हणायचा, आई, याद्या रद्द झाल्या, लोक परत येतायत. मी म्हणायची, येऊ दे लोकांना — लोकांच्या पोरांनी आधी दोन हिवाळे काढून दाखवू दे, मग तू ये. यादी होती तेव्हाही टीव्हीवर हीच माणसं हसत होती, आता यादी नाही म्हणूनही हीच हसतायत. तर म्हणतो कसा, तू असंच म्हणत राहशील आणि मी तुझ्या मयताला येईन. असं बोलावं का आईला? हट्टी, बापावर गेलाय. आणि तिकडच्या थंडीनं छातीत घर केलंय, खोकायला लागला की मी उठून बसते — फोनवर. फोनवर ऐकू येतं ना सगळं.

तो वाडगा? काही नाही, शिळा नान चहात भिजत घातलाय. दोन दिवस झाले, मऊच पडत नाही मेला. कोंबड्यांसाठी.

...

कोंबड्यांसाठी म्हटलं ना मी.

पेन का खाली ठेवलंस? की आता लिहायची गरज उरली नाही? अशी बघू नकोस माझ्याकडे — काय? तुमच्याही घरी खिळ्याला? भावाचा? किती वर्षं... सहा. खरं सांगतेस, की मला बोलतं करायला सांगतेस? ओळखता येत नाही गं मला. पूर्वी यायचं. पूर्वी कागद घेऊन आलेला माणूस एकाच कामाला आलेला असायचा, सोपं होतं. आता एखादी अशी समोर बसते, डोळे भरून येतात तिचे, आणि मला कळत नाही मी दार लावून घेऊ की तिच्या डोक्यावरून हात फिरवू.

तुझ्या भावाला ये म्हणू की नको म्हणू, मला विचारू नकोस. मी नकोच म्हणत होते. दारात उभा राहिला ना, तेव्हा मी आधी शेजाऱ्यांच्या खिडकीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. नऊ वर्षांनी पोर दारात, आणि त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलं. हे सुधारेल तेव्हा ये आणि विचार मला.

चल, ऊठ. लिही, सुधारलंय. गॅस येतो, शिपाई सलाम करतो. पुढे काही नको. आणि हा घे, गरम आहे, ओढणीत गुंडाळ, तुझ्या आईला दे. पैसे राहू दे — अगं, इथे चावू नकोस. अख्खा ने. इथे घास घेतलेल्याला इथे परत यावं लागतं. तू येऊ नकोस.